सांदवाडीत माघात काय करून ठेवावं? (काळी माती, विहीर होळीपर्यंतच)

मोगरावाली | २२ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं. घरामागं तीस बाय वीस फुटांची सांदवाडी आहे. सासूबाई करायच्या तेव्हा घरात भाजी विकत येत नसे. त्यांचे गुडघे गेल्यापासून तिथं हरळी आणि गाजर गवत माजलंय. यंदा मी मनावर घेतलंय.

आत्ता तिथं काय आहे: एक कागदी लिंबू (बारीक कळ्या दिसायला लागल्यात), गोडनिंब (कढीपत्ता), मोगऱ्याची जुनी झुडपं आणि एक जास्वंद, जिच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय. माती काळी, भेगाळणारी. विहिरीला पाणी होळीपर्यंत बरं असतं, नंतर घरापुरतंच. वानरं आठवड्यातून एकदा तरी येतातच.

मी हल्ली वसंताच्या तयारीचे व्हिडिओ बघतेय. सगळी झाडं छाटा, नवी फुलझाडं लावा, कुंड्या बदला वगैरे. यातलं आपल्याकडं काय लागू पडतं? क्रमानं सांगितलंत तर बरं होईल.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

ताई, त्या व्हिडिओवाल्याईचा वसंत वेगळा अन् आपला वेगळा. इकडं पळस फुलला का समजा ऊन लागलं. होळी जळाली का पंखे, गुढी उभी झाली का कूलर. आता जे कराल ते फुलासाठी नाई, वैशाखात झाड जित्तं राहाव म्हणून करा. हे पयले डोक्यात घ्या, बाकी मंग सोपं हाय.

माह्या हिशेबानं, जे पेरायचं ते शिवरात्रीच्या आत उगवून वर आलं पाह्यजे. मुळ्या खाली गेल्या तं एप्रिलचं ऊन झेलते. मार्चात पेरलेली भेंडी दोन पानांवर कोमून जाते.

अन् पयलं काम खोदणं नाई, पाणी देणं. तुमची माती आता वाळून टणक झाली असन. कोरड्यात टिकास मारान तं मनगट जाईन. वाफे संध्याकाळी भिजवा अन् थांबा. वापसा, म्हंजे खोदण्याजोगी ओल, आला का नाई ते असं पाहा: बोटभर खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला पाह्यजे, अन् तो गोळा अंगठ्यानं दाबला का भुरभुर फुटला पाह्यजे. चपटा होऊन बोटाले चिकटला तं अजून ओली हाय, घरी जाऊन चहा प्या. ओल्यात खोदलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ मंग पाऊस येईस्तोवर फुटत नाई.

हरळीची कांडी अन् कांडी वेचून काढा. खोदताना तुटलेला तुकडा राह्यला तं तो पुन्हा फुटतेच. लव्हाळ्याच्या गाठी बी तश्याच. उकिरड्यात टाकू नोका, रस्त्यावर कडक उन्हात वाळवा अन् जाळा.

टेरेसवाली_पुणे

छान धागा! मी पेटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस आत्ताच लावते, मार्चपर्यंत गच्ची भरून जाते. गुलाबाची हलकी छाटणीही करून घ्या. वसंताचा मूड फुलांशिवाय येत नाही :)

धुऱ्यावरचा

पुण्याच्या ताई, मार्चात भरलेली गच्ची एप्रिलात आमच्याकडं आणून ठेवा, मंग मूड सांगा.

टेरेसवाली_पुणे

बापरे! बरं, मी वाचते नुसतं :)

कृषीकाका (वाशीम, आता निवृत्त)

वरच्या भाऊंनी वापशाचं अगदी बरोबर सांगितलं. मी जरा सविस्तर लिहितो, पण क्रमाचा फार बाऊ करू नका. जागा बघून काम ठरतं.

आधी ऊन बघा. सकाळी नाही, दुपारी तीनला सांदवाडीत उभे राहा. आपल्याकडं अकोला, चंद्रपूर, नागपूर इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि झाड मारतं ते पश्चिमेचं ऊन. म्हणून पश्चिमेच्या कडेला आत्ता मक्याच्या दोन दाट ओळी पेरा किंवा तुराट्यांचा (तुरीच्या वाळल्या काड्यांचा) कूड, म्हणजे आडोसा, उभा करा. मांडव घालायचा असेल तर तोही त्याच बाजूला, वर दोडका आणि कारलं. मांडवाच्या सावलीत मग पालक, चुका, सांभार (कोथिंबीर) एप्रिलपर्यंत तग धरतात. उघड्यावरचा सांभार मार्चातच फुलावर जातो.

शेणखत जुनंच वापरा. कुजलेलं शेणखत काळपट, मोकळं असतं आणि त्याला शेणाचा नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. ताजं शेण टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधई (वाळवी) दोन्हींना आवतण. तुमच्या जागेला बैलगाडीभर लागेल. सगळीकडं पसरवू नका. वाफ्यांत आणि आळ्यांतच घाला. आळं म्हणजे वेलासाठीचा खड्डा, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, निम्मी माती निम्मं शेणखत.

पेरणीचं: भेंडी, गवार, चवळी, काकडी, ढेमसं, दोडका, कारलं, लाल भोपळा ही सगळी उष्ण हवेची भाजी. रात्रीचा पारा १५ च्या वर राहायला लागला की बी धड उगवतं. थंडीत टाकलेलं बी मातीत कुजतं. म्हणजे साधारण फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा तुमच्यासाठी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, सुरकुतलेलं तरंगणारं काढून टाका. वाण घेताना पानं पिवळी पडणाऱ्या हळद्याला दाद न देणारा घ्या, परभणी क्रांती हे जुनं आणि घरी बी धरता येणारं वाण आहे. गवारीत पुसा नवबहार.

वांगी, मिरची, भेदरांची (टोमॅटोची) रोपं टाकायला उशीर झालाय. ती तयार मिळाली तर लावा, पण उन्हाळी भेदरं सावलीशिवाय फळ धरत नाहीत. फूल येतं आणि गळतं. त्यावर पाणी वाया घालवू नये असं माझं मत.

गोंदियाची_लेक

काका, वेलांचं बी आम्ही आत्ताच टाकतो, पण जमिनीत नाही. पळसाच्या पानांचे द्रोण करायचे, त्यात माती-शेणखत भरून एकेक बी. रात्री चुलीजवळ, दिवसा अंगणात. चार पानं झाली की द्रोणासकट आळ्यात ठेवायचं. काकडी-दोडक्याच्या मुळांना हात लागलेला चालत नाही, द्रोण खाली कुजून जातो आणि रोपाला कळतही नाही. थंडी संपायची वाट बघावी लागत नाही, पंधरा-वीस दिवस हातात मिळतात.

आमची माती मात्र सिहार, रेताड. तुमच्यासारखी भेगाळत नाही पण पाणी धरत नाही. आम्ही बोडी (गावचं छोटं तळं) आटली की तिथला गाळ आणून टाकतो आणि वरून तणस (भाताचा पेंढा). मोगरावाली ताई, तुम्हाला गाळाची गरज नाही, उलट त्यानं आणखी चिकट होईल.

कृषीकाका

द्रोणाची युक्ती उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशव्यांपेक्षा कितीतरी बरी.

मोगरावाली

किती भरभरून लिहिताय सगळे! आज रात्री वाफे भिजवते. आमच्याकडं पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) नुकतीच उपटून बांधावर ढीग लावलाय. कूड आणि वाफ्यावरचं आच्छादन दोन्ही त्याचंच करावं असं मनात आहे. फुकटची आहे, चालेल ना?

कृषीकाका

घराजवळ पऱ्हाटी नको. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडात आणि सरकीत सुप्त राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. २०१७ ला विदर्भात कपाशीची काय दशा झाली ती आठवा. कूड तुराट्यांचा करा. पऱ्हाटी बारीक करून कंपोस्टला घाला किंवा पावसाळ्याआधी संपवा.

धुऱ्यावरचा

काका, तुमचं पुस्तकात खरं हाय, पण गावात चूल कशावर पेटते ते बी पाहा. अर्ध्या गावाच्या घरामांगं पऱ्हाट्याचा भारा उभा असते. एका ताईनं कूड नाई केला तं अळी थांबणार हाय का?

कृषीकाका

गावानं थांबवायची गोष्ट आहे म्हणून एकानं सुरुवात करू नये असं थोडंच आहे, भाऊ? आणि चुलीला माझी ना नाही. जूनच्या आत जळून गेली तर प्रश्नच मिटला. आक्षेप आहे तो वर्षभर उभ्या राहणाऱ्या कुडाला. त्यातून भेंडी आणि जास्वंद दोन्ही कपाशीच्या घरचेच. ताईंच्या जास्वंदीवर जे पांढरं चिकटलंय ते पिठ्या ढेकूण असावं, तेही कपाशीवर येतंच.

धुऱ्यावरचा

बरं, मंग मधला रस्ता सांगतो. ताई, बोंडं तोडून घ्या, सगळी, अन् ती चुलीत घाला. नुसत्या काड्या राह्यल्या तं मांडवाच्या आडव्या काठ्या म्हणून वापरा. पण वाफ्यावर घालू नोका, जाड हाय, वर्षभर कुजत नाई अन् खुरपं अडकते. वाफ्यावर सोयाबीनचं कुटार (भुसा) घाला. हरभऱ्याचं पुढच्या महिन्यात भेटनच.

कृषीकाका

हे मान्य. कुटार चार बोटं जाड, रोपाच्या बुंध्यापासून वीतभर लांब. आणि पाणी देऊन मग घाला, कोरड्या मातीवर नाही.

रिकामटेकडा

इतिहासात नोंद करा, या फोरमवर दोन विदर्भवाले एकमताला आले.

मोगरावाली

😄 पिठ्या ढेकणाचं काय करू?

कृषीकाका

जास्त भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा, नुसते खाली टाकू नका. उरलेल्यावर साबणाचं पातळ पाणी पानाच्या खालच्या बाजूनं जोरात मारा, दर चार-पाच दिवसांनी. आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसते का ते बघा. पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट पाण्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. मुंग्यांची वाट तोडली की अर्धं काम झालं.

लिंबाला कळ्या आल्यात म्हणजे आंबिया बहार, थंडी सरताना येणारा फुलोरा. आता त्याची छाटणी करायची नाही, व्हिडिओ काहीही सांगो. फक्त वाळलेली सल (मेलेल्या काड्या) आणि बुंध्यातून सरळ वर जाणारे पाणसोट काढा. कापल्या जागी आणि खोडाला दोन फुटांपर्यंत बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं. लोखंडी बादलीत केलंत तर बादलीही जाते आणि औषधही. आळ्यातलं पाणी खोडाला टेकू देऊ नका, खोडाभोवती मातीची भर देऊन बाहेर दुसरं कडं करा. पाणी साचून खोडाला लागलं की डिंक्या येतो, म्हणजे सालीतून डिंक गळायचा रोग.

खारपाणी (दर्यापूर)

सगळ्यांचं वाचून जीव जळतो. आमच्याकडं विहिरीचं पाणीच खारं. कपडे धुवायला साबणाचा फेस होत नाही, भाजी कुठून होईल? पूर्णेच्या खोऱ्यात जन्म घेऊन सांदवाडीची हौस करू नये असंच म्हणा.

गोंदियाची_लेक

असं कसं? तुमच्याकडं हरभरा तर झकास पिकतो ना?

खारपाणी

तो कोरडवाहू, जमिनीतल्या ओलीवर. वरून खारं पाणी दिलं की खेळ खलास.

कृषीकाका

दर्यापूरकर, हौस करा, पण पीक निवडून. कांदा, गाजर, घेवडा या वाटेला जाऊच नका, त्यांना खार अजिबात सोसत नाही. पालक, बीट, चवळी बऱ्यापैकी सोसतात. शेवगाही लावून बघा.

एक गोष्ट फार कमी लोक करतात ती सांगतो. सरी-वरंबा केलात तर रोप वरंब्याच्या डोक्यावर लावू नका, बगलेला लावा. पाणी सरीतून वर ओढलं जातं, वाफ होऊन उडतं आणि मीठ डोक्यावर गोळा होतं. सकाळी बघाल तर वरंब्याच्या टोकाला पांढरी रेघ दिसेल. रोप तिथंच असेल तर मुळं जळणार. बगलेत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर असलं तर वाचतं.

पानांवर पाणी मारायचं नाही, बुडाशीच द्यायचं. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा लांब अंतरानं भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. कुटाराचं आच्छादन तुम्हाला सगळ्यांत जास्त गरजेचं, कारण बाष्पीभवन कमी झालं की मीठ वर येणंही कमी होतं. मातीची तपासणी करून जिप्सम घाला आणि पावसाळ्यात धैंचा (हिरवळीचं खत) पेरून फुलावर यायच्या आत गाडा. टिनाच्या छपराचं पावसाचं पाणी साठवायची सोय करता आली तर रोपं वाढवायला तेच वापरा. उगवताना खार सगळ्यात जास्त लागतो.

खारपाणी

ती पांढरी रेघ रोज बघतो हो! खत फुटून वर आलं असं समजत होतो आम्ही. बगलेचं करून पाहतो. पालक आणि चवळीनंच सुरुवात.

मोगरावाली | २ फेब्रुवारी

खोदून झालं. हरळीचे तीन हारे (मोठ्या टोपल्या) निघाले. आळी भरली. द्रोणांत दोडका, काकडी, ढेमसं टाकलंय. आता पाण्याची चिंता. होळीनंतर दिवसाला पाच-सहा बादल्यांच्या वर मिळणार नाही.

गोंदियाची_लेक

मडकी पुरा. कुंभाराकडं चीर गेलेली नाही पण रंग बिघडलेली, विकली न जाणारी मडकी स्वस्तात मिळतात. आतून-बाहेरून साध्या भाजलेल्या मातीचीच हवीत, चकाकी दिलेलं नको. मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती तीन-चार वेल, तोंडावर परळ (मातीचं झाकण). परळ विसरलात तर डासांची शेती होईल. पाणी झिरपून मुळांशी जातं, वर एक थेंब उडत नाही.

धुऱ्यावरचा

काळ्या मातीत त्याले एक अडचण हाय. माती वाळली का आक्रसते अन् मडक्यापासून सुटते, मधात फट पडते. मंग मडकं भरलेलं राह्यते अन् वेल तहानलेला. भोवती वीतभर चाळलेलं शेणखत अन् माती मिसळून दाबून भरा. अन् मडकं कधी पूर्ण रिकामं होऊ देऊ नोका.

रिकामटेकडा

कूलरचं पाणी घाला की! सगळ्यांच्या घरी कूलर आहे, शेवटी ओततोच आपण.

कृषीकाका

थांबा. कूलरच्या टाकीत पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, म्हणून तर वाळ्याच्या ताट्यांवर पांढरं चढतं. ते पाणी कुंडीत नको. बाथरूमचं साबण कमी असलेलं पाणी केळीला, तांदूळ-डाळ धुतलेलं वाफ्यांना. भांड्यांचं खरकटं पाणी गाळून गोडनिंबाला चालेल.

आणि वाफे कमी करा, ताई. तीस बाय वीस सगळं पेरायचा मोह होतो. पाच-सहा बादल्यांत दोन मांडव आणि दोन वाफे होतात, त्यावर नाही. उरलेली जागा शेणखत पसरून आता तशीच सोडा, पावसाळ्यात आंबाडी आणि कोचईला (अळूला) तयार राहील.

मोगरावाली

हे ऐकायला जड गेलं, पण पटलं. वानरांचं?

रिकामटेकडा

वानरांसाठी वेगळा वाफा करा आणि पाटी लावा.

धुऱ्यावरचा

बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) लावा कुंपणाले, कुत्रं ठेवा, अन् तरी बी येतीलच. एक आहे, कारलं त्याईले तेवढं आवडत नाई. काकडी अन् भोपळा मांडवाखाली जाळीत. बाकी देवाची मर्जी.

मोगरावाली | १९ फेब्रुवारी

दोन प्रश्न. द्रोणातली रोपं लावली, भेंडीही उगवली, पण दोडक्याच्या पानांना नारिंगी भुंग्यांनी भोकं पाडलीत. आणि मोगऱ्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. छाटणी जानेवारीअखेर केली, पाणी तोडलं होतं, मग शेणखत घालून पाणी दिलं.

कृषीकाका

भुंगा म्हणजे लाल भोपळा-भुंगेरा. सकाळी दव असताना गार राख चाळून पानांवर भुरभुरवा, दोन्ही बाजूंनी. सकाळी तो सुस्त असतो, हातानं वेचून साबणाच्या पाण्यातही टाकता येतो. सात-आठ पानं झाली की वेल त्याला पुरून उरतो, तोवरच जपायचं.

मोगऱ्याला लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. नवी पानं हिरवी निघतील. जुनी पिवळी तशीच राहतील, त्यावरून घाबरू नका. मोगऱ्याला पाणी जरा कमीच द्या, माती सतत ओली राहिली की हेच पिवळेपण वाढतं.

धुऱ्यावरचा

अन् गारपिटीची आठवण ठेवा. २०१४ मध्ये फेब्रुवारी-मार्चात गारा पडल्या तवा हरभरा, संत्रा, गहू सगळं झोडपलं होतं. मांडवावर टाकाले एखादी हिरवी जाळी घरात तयार ठेवा. तीच मंग मे महिन्यात सावलीले कामी येते, पैसे वाया जात नाई.

खारपाणी | २६ फेब्रुवारी

बगलेवरची चवळी उगवली, सगळी! डोक्यावर मुद्दाम चार बिया टाकल्या होत्या, त्यातली एकच आली आणि तिचीही कड जळलेली. पालकाला वेळ आहे अजून. ढेमसं आमच्याकडं होईल का, कोणी सांगेल?

कृषीकाका

वेलवर्गीय भाज्या खार फारसा सोसत नाहीत, एकच आळं करून बघा, तेही साठवलेल्या गोड्या पाण्यावर.

मोगरावाली

खारपाणी दादा, माझ्याकडं ढेमशाचं गावठी बी उरलंय, सासूबाईंनी राखेत घालून ठेवलेलं. आर्वीमार्गे अमरावतीला माझा भाऊ दर शनिवारी जातो. अमरावतीत कुठं द्यायचं ते व्यक्तिगत संदेशात कळवा. आणि हो, सासूबाई विचारतात तुमच्याकडं चवळी लाल आहे की पांढरी? लाल असेल तर मूठभर परत पाठवा म्हणतात.